पहिला स्मार्टफोन: निवडीपासून हात बसेपर्यंत, नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कीपॅडच्या फोनवरून पहिल्यांदाच टचस्क्रीनवर येणाऱ्यांसाठी, आणि त्यांच्यासोबत दुकानात जाणाऱ्या मुला-सुनांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो: फोन ज्याचा आहे त्याने तो स्वतः हातात धरून निवडावा. मुलाने परस्पर घेऊन आणलेला महागडा फोन कपाटात पडून राहतो आणि आईने स्वतः पसंत केलेला साधा फोन तिच्या हातात रुळतो. शिवाय पैशांइतकेच पहिले पंधरा दिवसही मोलाचे असतात.

पहिल्या फोनवर किती खर्च करावा?

दहा ते पंधरा हजारांत कॉल, व्हॉट्सॲप, फोटो, यूट्यूब, यूपीआय, सातबारा हे सगळं नीट चालवणारा फोन येतो. अगदी तळाच्या किमतीतले, सहा-सात हजारांचे फोन नवख्या माणसासाठी घेऊ नका. दुकानात ते ठीक चालतात, पण ॲप भरली की अडखळू लागतात. ज्याला सवय आहे त्याला कळतं की फोन हळू आहे. नवख्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. तो पुन्हा दाबतो, तेवढ्यात पहिलं पान उघडतं आणि दुसरा स्पर्श भलत्याच ठिकाणी लागतो. असं चार वेळा झालं की माणूस फोनला हात लावायचाच सोडतो. नवखा माणूस फोन टाकून देतो त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं, वय किंवा शिक्षण नव्हे.

बजेटमधून कव्हर, स्क्रीनवर लावायची काच आणि चार्जरचे पैसे आधीच बाजूला काढा. हल्ली अनेक खोक्यांत चार्जर येत नाही.

खोक्यावरच्या आकड्यांपैकी कोणते बघायचे?

रॅम, म्हणजे चालू ॲपसाठीची कामाची जागा, किमान ६ जीबी आणि स्टोरेज, म्हणजे फोटो-ॲप साठवायची जागा, १२८ जीबी. जाहिरातीत '६ अधिक ६' लिहिलेलं असतं, त्यातली दुसरी सहा खरी रॅम नसते. स्टोरेजचाच तुकडा रॅम म्हणून वापरला जातो आणि तो खऱ्या रॅमपेक्षा बराच हळू चालतो. स्टोरेज कोणत्या प्रकारचं आहे तेही विचारा. यूएफएस (वेगवान प्रकार) असेल तर उत्तम, ईएमएमसी (जुना, हळू प्रकार) असेल तर त्याच पैशात दुसरा फोन शोधा. दुकानदाराला सांगता आलं नाही तर कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलच्या माहितीत ते लिहिलेलं असतं.

बॅटरी ५००० एमएएच किंवा जास्त, म्हणजे साध्या वापराला दिवस आरामात निघतो. स्क्रीनचा उजेड निट्समध्ये मोजतात. द्राक्षबागेत किंवा बाजार समितीच्या आवारात भर उन्हात फोन बघायचा असेल तर ८०० निट्सच्या खालचा त्रास देतो.

सुरक्षा अपडेट, म्हणजे फोन सुरक्षित ठेवायला कंपनी पाठवते त्या दुरुस्त्या, किती वर्षं मिळणार ते नक्की विचारा. काही स्वस्त फोनना दोनच वर्षं मिळतात, तर गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांचं आश्वासन दिलं आहे. मधल्या किमतीत चार वर्षं मिळाली तर फोन चांगला समजा.

मेगापिक्सेलच्या मागे लागू नका. ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा सहसा चार-चार बिंदू एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. मागच्या बाजूला चार गोल दिसले तरी त्यातले २ मेगापिक्सेलचे बहुतेक शोभेचे असतात.

५जी हवंच का?

या किमतीत आता ते मिळतंच, तर घ्या. बँड, म्हणजे फोन पकडतो ते लहरींचे पट्टे, तेवढे बघा: एन७८ आणि एन२८ दोन्ही असावेत. जिओचं ५जी एन२८ वरही चालतं आणि हा कमी वारंवारितेचा बँड भिंतींतून आणि लांबवर चांगला पोहोचतो. पण पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या डोंगराळ पट्ट्यात राहत असाल तर आधी घरात कोणत्या कंपनीची रेंज येते ते पाहा. शेजाऱ्याच्या फोनवर ओट्यावर आणि आतल्या खोलीत, दोन्हीकडे कॉल लावून बघा. ५जी नंतरचं. घरी वायफाय असेल तर वायफाय कॉलिंगची सोय असलेला फोन घ्या, रेंज नसतानाही साधा कॉल लागतो.

नाशिकमध्ये कुठे घ्यावा? ऑनलाइन की दुकानात?

पहिला फोन दुकानातच. महात्मा गांधी रोडवर, प्रधान पार्कच्या परिसरात, फोन, कव्हर आणि दुरुस्ती सगळं एका जागी आहे. कॉलेज रोड, सिडको, नाशिक रोडलाही मोठी दुकानं आहेत. एमजी रोडला संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळणं कठीण, म्हणून वयस्कर माणसाला नेत असाल तर आठवड्यातल्या मधल्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास जा. दुकानदारालाही तेव्हा बोलायला वेळ असतो.

मोठ्या दुकानांत तुमच्याशी बोलणारा माणूस अनेकदा एखाद्या कंपनीचा प्रमोटर असतो आणि त्याच कंपनीचा फोन पुढे करतो. वाईट वाटून घेऊ नका, त्याचं काम आहे ते. तुम्ही दोन-तीन मॉडेलं ठरवून जा आणि डेमोचा फोन मागा. मग ज्याच्यासाठी फोन आहे त्याच्या हातात तो द्या आणि स्वतः हात मागे ठेवा. एका हातात धरून अंगठा स्क्रीनच्या मधोमध पोहोचतो का? बाजूचं बटण न बघता सापडतं का? दाराबाहेर उजेडात अक्षर दिसतं का? एक कॉल लावून समोरच्याचा आवाज गोंगाटात ऐकू येतो का? वजन २०० ग्रॅमच्या वर गेलं की संधिवाताच्या हाताला पडून व्हिडिओ बघताना ते जाणवतं.

खोकं आपल्यासमोर उघडून घ्या. डायलरवर *#०६# दाबलं की १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, दिसतो. तो खोक्यावर आणि बिलावर तोच आहे ना ते ताडून पाहा. बिल पक्कं, जीएसटीसह हवं. मोबाइलवर १८ टक्के जीएसटी सांगितलेल्या किमतीतच धरलेला असतो. 'बिल नको असेल तर पाचशे कमी' या सौद्यात पडू नका, वॉरंटीला आणि फोन हरवला तर पोलिसांत तेच बिल लागतं.

आयफोन घ्यावा का?

घरात सगळ्यांकडे आयफोन असेल आणि शिकवायला माणूस असेल तर जरूर. बाकी पहिल्या फोनसाठी तेवढे पैसे गुंतवायची गरज नाही.

सेकंडहँड चालेल का?

मूळ बिल असेल तरच. आयएमईआय काळ्या यादीत आहे का ते पाहण्यासाठी इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरं, मग जागा सोडून १५ आकडे टाकून १४४२२ वर एसएमएस करा. सरकारच्या संचार साथी ॲपमध्येही हीच सोय आहे. काळ्या यादीतला किंवा दुबार असं उत्तर आलं तर फोन तिथेच परत द्या.

मग विक्रेत्याला त्याचं गूगल खातं समोर काढायला आणि फोन रीसेट करायला सांगा. खातं न काढताच रीसेट केला तर सुरू होताना फोन जुन्याच मालकाचा पासवर्ड मागतो आणि पुढे जात नाही. पांढरं चित्र पूर्ण स्क्रीनवर उघडून डाग किंवा पिवळी सावली आहे का बघा, दहा मिनिटं चार्जिंगला लावा, दोन्ही माइक आणि स्पीकर तपासा. चार वर्षांपूर्वीचा 'एकेकाळी चाळीस हजारांचा' फोन घेण्यापेक्षा बारा हजारांचा नवा बरा, कारण जुन्याची बॅटरी आणि अपडेट दोन्ही संपत आलेली असतात.

हप्त्यावर घेतला तर?

'शून्य व्याज' लिहिलेलं असलं तरी फाइल चार्ज, विमा आणि हप्ता चुकल्यावरचा दंड वेगळा असतो. एकूण किती रुपये जाणार ते कागदावर मागा आणि रोखीच्या किमतीशी ताडा. फरक दिसला की विमा नको म्हणून सांगायचा तुम्हाला हक्क आहे.

जुन्या फोनचं सिम नव्यात बसत नाही. काय करायचं?

नव्या फोनना नॅनो सिम लागतं. सिमवर आखलेल्या खाचा असतील तर ते हलकेच दाबून नॅनो आकारात निघतं. खाचा नसतील तर कात्रीने कापू नका. आधार घेऊन कंपनीच्या गॅलरीत जा आणि सिम बदलून घ्या.

इथे एक मोठी अडचण येते आणि ती कोणी आधी सांगत नाही. सिम बदललं की सुरक्षेसाठी पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. म्हणजे ओटीपी येत नाही, बँकेचं काही होत नाही. सिम सोमवारी बदललं तर यूपीआयचं काम मंगळवारी संध्याकाळी करा. त्या दिवशी घरच्यांनी 'फोनच खराब आहे' असं ठरवून टाकू नये.

नंबर हलवायचे असतील तर जुन्या फोनमध्ये ते सिमवर कॉपी करा आणि नव्यात संपर्क ॲपमधून आयात करा. सिमवर साधारण अडीचशेच नंबर बसतात आणि लांब नावं तुटतात, 'सुनंदा मावशी सटाणा' चं 'सुनंदा मावशी स' होतं. बसून एकदा दुरुस्त करा आणि गूगल खात्यात साठवा.

पहिल्या दिवशी काय काय करून द्यावं?

फोन सुरू होताना भाषा विचारतो, मराठी निवडा. चिन्हांच्या जागा बदलत नाहीत, त्यामुळे शिकवणाऱ्यालाही अडचण येत नाही. गूगल खात्याचा पासवर्ड घरच्या वहीत लिहा. फोन हरवल्यावर किंवा रीसेट झाल्यावर घोडं इथेच अडतं.

अक्षरांचा आकार डिस्प्लेच्या सेटिंगमधून वाढवा. पण एकदम टोकाला नेऊ नका, काही ॲपमधली बटणं स्क्रीनबाहेर जातात. दोन पायऱ्या वाढवून थांबा.

कडेवरून बोट सरकवून मागे जायची नवी पद्धत बंद करा आणि सिस्टीमच्या सेटिंगमधून खाली तीन बटणं आणा. ज्याला कळा दाबायची सवय आहे त्याला 'परत' लिहिल्यासारखं एक ठरलेलं बटण दिसलं की धीर येतो. आमच्या मते या एका बदलाने निम्मी भीती जाते.

पहिल्या पानावर सहाच चिन्हं ठेवा: फोन, संपर्क, व्हॉट्सॲप, कॅमेरा, फोटो, यूट्यूब. मांडणी लॉक करायची सोय असते, ती लावा. सॅमसंगमध्ये इझी मोड आहे, त्यात हे बरंचसं आपोआप होतं.

बोट लावलं तरी फोन ऐकत नाही. स्क्रीन खराब आहे का?

बहुधा नाही. आजची स्क्रीन दाबाने चालत नाही. बोट टेकलं की तिथल्या विद्युत क्षेत्रात बारीक फरक पडतो आणि स्क्रीनला तो कळतो. त्वचा फार कोरडी, भेगाळलेली किंवा घट्टे पडलेली असेल तर हा फरक कमी पडतो. छाटणी-डिपिंग करणारे, गवंडीकाम, धुणं-भांडी करणारे यांना हे हमखास होतं. नखाच्या टोकाने तर काहीच होत नाही. बोटाचा मऊ भाग आडवा टेकवा, हाताला थोडं तेल किंवा व्हॅसलिन चोळून पुसून घ्या, आणि स्पर्शाची संवेदनशीलता वाढवायची सेटिंग असेल तर ती चालू करा. जाड, स्वस्त काच लावली असेल तर काढून चांगली लावा, फरक लगेच कळतो. ओल्या बोटांनी उलटं होतं, पाण्याचा थेंबच स्पर्श म्हणून धरला जातो.

दुसरी गोष्ट, कीपॅडची सवय म्हणून माणूस जोर लावून दाबून धरतो. स्क्रीनला ती 'लांब दाब' वाटते. मग चिन्ह हलतं, नाहीतर भलतीच यादी उघडते. सुलभतेच्या सेटिंगमध्ये स्पर्श करून धरण्याचा वेळ 'दीर्घ' करून ठेवा. शिकवताना 'दाबा' म्हणू नका, 'टेकवा आणि उचला' म्हणा.

बोटाचा ठसाही घट्ट्यांच्या हातात चुकतो. एकच अंगठा दोनदा नोंदवा, शिवाय डाव्या हाताचं मधलं बोट. त्यावर कमी झीज असते.

फोन आपोआप बिघडतो. हे काय आहे?

बहुतेक वेळा चुकून एखादी कळ दबलेली असते. कोणाचाच फोन लागत नाही: स्क्रीनच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढा, विमानाचं चिन्ह पेटलंय का बघा. रिंग वाजत नाही: घंटेवर काट आहे का, की 'व्यत्यय आणू नका' चालू आहे? फोन अचानक बोलू लागला आणि एका स्पर्शाने काही उघडेना: टॉकबॅक, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणारी सोय, चालू झालं आहे. आवाजाच्या दोन्ही कळा एकत्र तीन सेकंद धरल्या की ते चालू होतं आणि तसंच बंदही होतं. खिशात ठेवताना फार वेळा होतं हे. दुरुस्तीला नेण्याआधी एकदा बंद करून चालू करा.

मराठीत लिहायचं कसं? इंग्रजी येत नाही म्हणून भीती वाटते.

लिहूच नका, बोला. गूगलच्या जीबोर्ड कीबोर्डमध्ये मराठी जोडा आणि माइकचं चिन्ह टेकवून सावकाश बोला. बागलाणी-अहिराणी वळणाचं बोलणं असेल तर काही शब्द चुकतात, पण निरोप पोहोचतो. यूट्यूबवरही माइक आहे. तिथे 'हरिपाठ' किंवा 'डाउनी रोग उपाय' म्हटलं आणि समोर यादी आली की माणसाच्या चेहऱ्यावर जे उमटतं, तिथून फोनशी खरी गट्टी जमते.

म्हणून शिकवायची सुरुवात बँकेने करू नका. सुरुवात आवडीने करा: नातवाशी व्हिडिओ कॉल, अभंग, बागेतल्या घडाचा फोटो. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर कॅमेऱ्याने मोठं करून दाखवा. दोन बोटं टेकवून पसरली की माशीएवढं अक्षर वाचण्याजोगं होतं. गूगल लेन्स इंग्रजी मजकूर मराठीत करून देतं, मात्र फवारणीच्या किंवा गोळ्यांच्या मात्रेसाठी त्यावर विसंबू नका, जाणकाराला विचारा. रोज एकच गोष्ट, दहा मिनिटं. फोन त्यांच्याच हातात राहू द्या. 'दे इकडे, मी करतो' म्हटलं की शिकणं तिथेच थांबतं.

शेतात वापरायचा आहे. ऊन, पाऊस, धूळ?

ई-पीक पाहणीसाठी कॅमेरा आणि जीपीएस दोन्ही लागतात. झाडाखाली जीपीएस जागा पकडायला वेळ घेतं, म्हणून मोकळ्यावर उभं राहून मिनिटभर थांबा आणि मग फोटो काढा. विजेच्या इशाऱ्यासाठी दामिनी ॲप ठेवा, ते पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलं आहे.

आयपीचा आकडा धूळ-पाण्यापासून किती बचाव होतो ते सांगतो. आयपी५४ म्हणजे धूळ आणि शिंतोडे, बस. आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पण यातलं काहीही असलं तरी पाण्याने झालेलं नुकसान बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात झिपची प्लास्टिक पिशवी सर्वांत भरवशाची, तिच्यातूनही स्क्रीन चालते. भिजलाच तर लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका, पुसून पंख्याखाली दिवसभर ठेवा. तांदळात पुरू नका, पीठ आणि कणी चार्जिंगच्या भोकात जाते.

शर्टाच्या वरच्या खिशात फोन ठेवून शेततळ्यावर वाकू नका. गळ्यातल्या दोरीचं कव्हर घ्या. उन्हात ट्रॅक्टरच्या बॉनेटवर किंवा गाडीच्या काचेखाली ठेवलेला फोन तापून चार्जिंग थांबवतो, आणि रोजच्या उष्णतेने लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. रोज २० ते ८० टक्क्यांत ठेवलीत तर ती जास्त टिकेल.

यूपीआय कधी आणि कसं सुरू करावं?

फोनवर हात बसल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. बँकेत नोंदवलेला नंबर त्याच फोनमध्ये हवा. ॲप त्या सिमवरून आपणहून एसएमएस पाठवतं, त्यामुळे रिचार्जमध्ये एसएमएस नसेल किंवा दोन सिमपैकी चुकीचं निवडलं असेल तर नोंदणी अडते. पुढे डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे किंवा आधार वापरून पिन ठरवायचा. पहिल्या २४ तासांत मर्यादा ५००० रुपयांची असते. सरावासाठी घरातल्याच एकाला एक रुपया पाठवा, मग किराणा दुकानात दहा रुपये. खर्चासाठी वेगळं, थोडी रक्कम असलेलं खातं जोडावं, कांद्याची पट्टी येते ते नको.

फसवणुकीची भीती वाटते. काय लक्षात ठेवायचं?

पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, वाहनाचं चलान, किसान योजना या नावाने एपीके फाइल, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, येते. ओळखीच्या नंबरवरून आली तरी उघडू नका, कारण त्या ओळखीच्या माणसाचाच फोन आधी भामट्यांच्या ताब्यात गेलेला असू शकतो. 'मी पोलीस बोलतोय, डिजिटल अटक झाली आहे' हे खोटं आहे, अशी अटक कायद्यात नाही. स्क्रीन दाखवायचं ॲप घ्यायला कोणी सांगितलं तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, त्याच मिनिटाला १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. जितकं लवकर, तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

'स्टोरेज भरलं' असं सारखं येतं.

सुप्रभातच्या चित्रांनी. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये मीडिया आपोआप डाउनलोड होणं बंद करा, 'स्टोरेज व्यवस्थापित करा' मध्ये जाऊन मोठे व्हिडिओ आधी काढा. 'क्लीनर' नावाची ॲप घेऊ नका, ती जाहिरातीच जास्त आणतात.

फोन हरवला किंवा चोरीला गेला तर?

आधी दुसऱ्या फोनवरून रिंग द्या. मग गूगलच्या फोन शोधण्याच्या सोयीतून, वहीतला पासवर्ड वापरून, तो लॉक करा. सिम कंपनीला कळवून बंद करून घ्या आणि बँकेला फोन करून यूपीआय थांबवा. जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या. तिची प्रत, फोनचं बिल आणि ओळखपत्र घेऊन संचार साथीवरून आयएमईआय ब्लॉक करता येतो, मग त्यात दुसरं सिम टाकलं तरी देशात कुठेही नेटवर्क मिळत नाही. फोन परत मिळाला तर तिथूनच अनब्लॉक करायचा. नवं सिम घेतल्यावर ते २४ तास एसएमएस बंद असतात, हे इथेही लागू आहे.